कल्ल्यातली पांढरी गाठ आणि पोटापाण्याचा प्रश्न

“मुलीला माशांच्या परजीवींवर पीएचडी करायचीय. पुढे पोटापाण्याचं काय?” पालकांच्या या प्रश्नात वावगं काही नाही. पण आधी काम काय असतं ते पाहू.

तळ्यातल्या रोहू-कटल्याच्या कल्ल्यांवर कधी कधी खसखशीएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात. गाठ फोडून स्लाइडवर घेतली की मिक्सोबोलस या परजीवीचे असंख्य बीजाणू दिसतात, एकेक जेमतेम 10-15 मायक्रोमीटरचा. जाती शेकडो आणि कित्येक दिसायला सारख्या. म्हणून 18एस आरआरएनए जनुक पीसीआरने वाढवायचं, त्याचा क्रम वाचून घ्यायचा आणि जेनबँक या जनुकक्रमांच्या संग्रहातल्या क्रमांशी ताडायचा.

नुसत्या रूपावर विसंबणं किती महागात पडतं, ते याच गटाने दाखवलं. माशात सापडणारे बीजाणू आणि गाळातल्या कृमींत सापडणारे बीजाणू हे दोन वेगळे वर्ग मानले जात. ट्राउट मासा ज्यात गरगर फिरत राहतो त्या रोगाचा परजीवी ट्युबिफेक्स कृमीत जाऊन रूप पालटतो, हे वुल्फ आणि मार्किव्ह यांनी 1984 साली दाखवलं. जनुकीय क्रमांनी पुढे त्यावर शिक्कामोर्तब केलं. इतकंच काय, आदिजीव समजली जाणारी ही मंडळी जेलीफिशच्या गोतावळ्यातली निघाली!

बारावीला जीवशास्त्र असेल तर मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी, बीएफएससी (शिरगाव-रत्नागिरी, उदगीर, नागपूर) किंवा प्राणिशास्त्रात बीएससी-एमएससी; पुढे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. माझा कल बीएफएससीकडे. तळं, खाद्य, रोग सगळं हाताखालून जातं आणि संशोधनात मन रमलं नाही तर हॅचरी आहे, मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा आहेत.

नेट काढून जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. त्यानंतरची वाट मात्र अरुंद. शास्त्रज्ञपदासाठी कृषी संशोधन सेवेची (एआरएस) परीक्षा, जागा थोड्या. नुसत्या वर्गीकरणावर अख्खी कारकीर्द उभी राहते ती मोजक्यांची. पण पीसीआरवर बसलेला हात कोळंबीच्या रोगनिदान प्रयोगशाळेतही चालतो. व्हाइट स्पॉट, ईएचपी हे कोळंबीचे रोग तिथे तसेच शोधतात.

फी भरण्याआधी एक करा. जेनबँक, क्रम ताडणारं ब्लास्ट, वंशवृक्ष काढणारं मेगा, सगळं फुकट आहे. सुट्टीत मुलीला मिक्सोबोलसचे दहा-बारा क्रम उतरवून वंशवृक्ष काढू द्या. एखादी जात भलत्याच फांदीवर का गेली हे शोधताना तिला जेवायची हाक ऐकू आली नाही, तर खुशाल अर्ज भरा.