समाजवाद: प्रेरणेचा प्रश्न आणि स्वातंत्र्याचा प्रश्न

समाजवादाविषयी वाद सुरू झाला की दोन ठराविक विधाने ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, खाजगी मालकी गेली की माणसाची काम करण्याची प्रेरणा मरते आणि तिच्याबरोबर त्याचे स्वातंत्र्यही जाते. दुसरा पक्ष विचारतो, उपाशी माणसाने स्वातंत्र्य घेऊन काय करायचे? आधी पोटोबा, मग विठोबा! दोन्ही विधानांत तथ्य आहे. परंतु प्रेरणा आणि स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर दोन्ही पक्षांना पडतो. हा भेद स्पष्ट करण्यासाठी चीनमधील सामुदायिक शेतीचे उदाहरण फार उपयोगी आहे.

१९५८ साली चीनमध्ये खेडोपाडी कम्यून स्थापन झाले. जमीन, अवजारे, जनावरे सर्व सामुदायिक झाली. शेतकऱ्याला दिवसाच्या कामाबद्दल 'श्रमगुण' मिळत आणि हंगामाच्या शेवटी त्या गुणांच्या प्रमाणात धान्याची वाटणी होई. कल्पना न्याय्य होती. पण तिच्यातील गणित पाहा. समजा, वीस घरांची एक तुकडी आहे. एका कुटुंबाने जास्त राबून वीस पोती अधिक पिकविली, तर त्याच्या वाट्याला सुमारे एक पोते येणार. आणि त्याने अंग राखले तरी त्याचे नुकसान विसाव्या हिश्श्याएवढेच. कोण किती मन लावून निंदतो, हे मोजणार कोण? दिवस भरला की गुण मिळाले. 'भागीचे घोडे किवणाने मेले' ही आपल्याकडील म्हण हेच सांगते. तेव्हा शेतकरी जात्याच आळशी वा स्वार्थी होता असे नव्हे; कष्ट आणि फळ यांचा सांधाच निखळला होता.

तो सांधा पुन्हा जुळविला तो शेतकऱ्यांनीच. आन्ह्वे प्रांतातील फेंगयांग तालुक्यात शियाओगांग नावाचे एक दरिद्री खेडे होते. १९७८ च्या अखेरीस तेथील १८ शेतकऱ्यांनी गुप्तपणे एक करारपत्र केले. सामुदायिक जमीन घरटी वाटून कसायची, सरकारचा ठरलेला हिस्सा आधी भरायचा आणि उरलेले धान्य ज्याचे त्याने ठेवायचे, असे ठरले. या कामी पुढाकार घेणाऱ्यांना शिक्षा झालीच, तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत इतरांनी सांभाळावीत, असेही त्यात नमूद होते. पुढच्याच वर्षी गावचे पीक अनेक पटींनी वाढले. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी या पद्धतीला आश्रय दिला, १९८० मध्ये डेंग झियाओपिंग यांनी तिला संमती दर्शविली आणि पाच-सहा वर्षांत कम्यून जवळजवळ सर्वत्र मोडीत निघाले. १९७८ ते १९८४ या काळात चीनचे शेती उत्पादन जे वाढले, त्यातील सुमारे निम्मी वाढ या बदलामुळे झाली, असा अर्थशास्त्रज्ञ जस्टिन लिन यांचा निष्कर्ष आहे. उरलेल्या वाढीत सरकारने वाढवून दिलेले धान्याचे भाव आणि खतांचा वाढता वापर यांचाही वाटा होता.

यातून समाजवादाचा पराभव सिद्ध झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, जमिनीची मालकी खाजगी झाली नाही. ती आजही गावाच्या समूहाकडेच आहे. शेतकऱ्याला मिळाला तो कसण्याचा हक्क आणि फळावरचा अधिकार. म्हणजे प्रेरणेसाठी खाजगी मालकी अपरिहार्यच असते, हे पहिल्या पक्षाचे गृहीतक येथे टिकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, कम्यूनबरोबर खेड्यांतील सामुदायिक वैद्यकीय व्यवस्थाही बहुतांशी ढासळली. 'अनवाणी डॉक्टर' याच व्यवस्थेतून आले होते. १९८० च्या सुमारास चिनी माणसाचे सरासरी आयुर्मान भारतीयापेक्षा सुमारे दहा वर्षांनी अधिक होते. ही कमाई क्षुल्लक मानता येणार नाही.

आता स्वातंत्र्याकडे वळू. प्रेरणा परत आली, म्हणून स्वातंत्र्यही आले काय? नाही. १९८९ साली पेकिंगच्या तिआनमेन चौकात विद्यार्थ्यांनी लोकशाहीची मागणी केली, तेव्हा तिला उत्तर सैन्याने दिले. पिकविण्याची आणि विकण्याची मोकळीक मिळाली, बोलण्याची मिळाली नाही. बाजारपेठ आली की व्यक्तिस्वातंत्र्य मागोमाग येतेच, हा समज यामुळे फोल ठरतो.

मग उपाशी माणसाला स्वातंत्र्याचे काय, हा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर १९५९ या एका वर्षात सापडते. त्या वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. ही योजना कम्यूनइतकी कठोर नव्हती. जमिनीवरील शेतकऱ्याचा मालकी हक्क तीत कायम राहणार होता. तरीही चरणसिंगांनी अधिवेशनातच तिला उघड विरोध केला. राजगोपालाचारी, मिनू मसानी प्रभृतींनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. वृत्तपत्रांतून टीका झाली आणि ती योजना व्यापक प्रमाणावर अमलात आलीच नाही. विरोध करणारे चरणसिंग पुढे १९७९ साली देशाचे पंतप्रधान झाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये चीनमधील लुशान येथे पक्षाची बैठक भरली. संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी कम्यूनच्या घाईतील दोष माओंना एका खाजगी पत्राने कळविले. त्यांचे पद गेले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला आणि १९७४ मध्ये ते कैदेतच वारले. त्यांची ही गत पाहून खालचे अधिकारी अधिकच भेदरले व भरघोस पिकाचे खोटे आकडे वर पाठवीत राहिले. त्या आकड्यांवरून सरकारने धान्य उचलले आणि १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत. लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात असा महादुष्काळ पडत नाही, असे अमर्त्य सेन म्हणतात ते यामुळेच. मात्र रोजची अर्धपोटी उपासमार लोकशाहीतही चालू राहते, हेही त्यांनीच भारताकडे बोट दाखवून सांगितले आहे.

तात्पर्य, प्रेरणेचा प्रश्न हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. कष्ट आणि फळ यांचा सांधा समाजवादी चौकटीतही जुळविता येतो. आपल्याकडे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० साली तेच केले: जमीन ज्याची त्याची, कारखाना सर्वांचा आणि सभासदत्व राजीखुशीचे. स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र याहून मूलभूत आहे. कोणतीही व्यवस्था चुकू शकते. ती चुकते आहे हे निर्भयपणे सांगता येणे, यालाच व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतात. शियाओगांगच्या शेतकऱ्यांना जे रात्री लपून लिहावे लागले, ते भर सभेत बोलता आले असते, तर तो बदल वीस वर्षे आधी घडला असता आणि कोट्यवधी जीव वाचले असते. म्हणून स्वातंत्र्य ही पोट भरल्यानंतरची चैन नव्हे. पोट भरण्याच्या उपायांपैकीच तो एक उपाय आहे.