महाभियोगाचं गणित : आधी छेद पाहा

‘दोन तृतीयांश बहुमत हवं’ असं बातमीत वाचलं की आपण लगेच बाजूने किती, विरोधात किती, याचा हिशेब मांडायला बसतो. घोळ तिथेच होतो. शाळेतल्या अपूर्णांकाचा नियम इथेही लागू आहे : आधी छेद विचारायचा. दोन तृतीयांश, पण कशाचे? हजर असलेल्यांचे की सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे?

भारतात आजवर एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग झालेला नाही. तरी राज्यघटनेच्या कलम ६१ मधली ही प्रक्रिया स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला पाठ हवी आणि मतदारालाही ठाऊक असावी. ती अशी :

१. आरोप पाहा. आधार एकच : घटनेचा भंग. कारभार पसंत नाही किंवा सरकारशी पटत नाही, एवढ्यावर महाभियोग होत नाही.

२. सह्या मोजा. ठराव लोकसभेत किंवा राज्यसभेत, कुठेही मांडता येतो. मात्र किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिच्यावर त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश जणांच्या सह्या लागतात. लोकसभेच्या ५४३ चा चौथा भाग १३५.७५. पाऊण खासदार सही करत नाही, म्हणून १३६. राज्यसभेच्या २४५ चा हिशेब याच रीतीने ६२ वर जातो.

३. पहिलं मतदान. इथे छेद एकूण सदस्यसंख्येचा. लोकसभेत ३६२ मतं हवीत. रिकाम्या जागा, गैरहजर, तटस्थ, सभात्याग केलेले, यातलं काहीही छेदातून वजा होत नाही. बाजूने ३६१ आणि विरोधात शून्य पडली, तरी ठराव फेटाळला जातो.

४. दुसरं सभागृह. एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं त्याची चौकशी करतं किंवा करवून घेतं. या वेळी राष्ट्रपतींना स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडण्याचा हक्क असतो. मग पुन्हा तेवढंच बहुमत लागतं. राज्यसभेत म्हणजे १६४. ठराव मंजूर झाला त्या तारखेपासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात. उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते.

५. मतदार ओळखा. हा प्रश्न परीक्षेत हमखास चकवतो. राष्ट्रपती निवडताना महाराष्ट्र-गोव्याच्या विधानसभांचे आमदार मत देतात. काढताना त्यांना मत नाही. याउलट राज्यसभेतले १२ नामनिर्देशित सदस्य निवडताना बाहेर असतात आणि महाभियोगात मत देतात.

छेदाची ताकद पाहायची तर सोलला जावं लागेल. दक्षिण कोरियाची संसद ३०० सदस्यांची. राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या ठरावाला २०० मतं लागतात. राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला, त्यानंतर ७ डिसेंबर २०२४ रोजी मतदान झालं. सत्ताधारी पक्षाचे बहुतेक सदस्य सभागृहातून उठून गेले. मतदानाला उरले १९५. सगळी मतं बाजूने पडली असती, तरी पाच कमीच होती. रात्री साडेनऊच्या सुमारास मतपेट्या न उघडताच ठराव बारगळला. आठवड्याने, १४ तारखेला, तीनशेच्या तीनशे आले : बाजूने २०४, विरोधात ८५, तटस्थ ३, अवैध ८. पण तिथे संसदेच्या मतदानाने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार फक्त गोठतात. पद गेलं ते ४ एप्रिल २०२५ ला, घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांच्या एकमताने.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये छेद वेगळा : हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध ३५, बाजूने १९ मतं पडली. ५४ च्या दोन तृतीयांश म्हणजे ३६. एका मताने त्यांचं पद वाचलं.

आता एक उदाहरण स्वतः सोडवा. कलम ६१ चा ठराव राज्यसभेत आहे. ५ जागा रिकाम्या, ३० सदस्य गैरहजर, १० तटस्थ. मंजुरीला किती मतं लागतील? उत्तर १६४ यायला हवं. दुसरं काही आलं असेल, तर छेद पुन्हा तपासा.