वैनगंगेकाठचं आरमार

भंडाऱ्याहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही गेली सहा वर्षं मी एक आरमार बांधतो आहे, कागदावर. पवनीच्या शाळेत इतिहास शिकवतो. नववीच्या एका मुलाने विचारलं, "सर, नागपूरच्या भोसल्यांकडे जहाजं का नव्हती?" त्याच रात्री वही घेतली.

प्रश्न साधा नव्हता. १७५१ मध्ये अलिवर्दी खानाशी झालेल्या तहानंतर कटकचा मुलूख भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने गेला. बावन्न वर्षं बालासोरसारखं बंदर हाती असताना कोकणातल्या आंग्र्यांच्या तोडीचं आरमार तिथे उभं राहिलं नाही. ते उभं राहिलं असतं तर? या एका 'तर'पायी पाच वह्या भरल्या. असा खेळ आणखी कुणी मांडत असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो.

१. एकच खिळा हलवा.

पहिल्या वहीत मी पानिपत जिंकलं, माधवराव पेशव्यांना दीर्घायुष्य दिलं, प्लासी उलटवली. पन्नास पानांनंतर त्या जगात माझ्या ओळखीचं काही उरलं नाही, आणि आरमाराची गरजही उरली नाही. ती वही बाजूला ठेवली.

दुसऱ्या वहीत एकच गोष्ट बदलली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. हल्ला इंग्रजांचा होता आणि पेशवे त्यांच्या बाजूने होते. किती सुतार, लोहार, तांडेल त्या दिवशी बेकार झाले असतील! नागपुरात तेव्हा राघोजी भोसले जाऊन वर्षच झालेलं होतं, जानोजी भोसले नवे होते आणि त्यांचं पुण्याशी पटत नव्हतं. माझ्या वहीत त्यातली काही कुटुंबं जानोजींच्या आश्रयाला येतात आणि पुढे कटकला जातात. बदललं ते एवढंच. बाकी सगळं जग जसंच्या तसं.

२. आरमार कशासाठी, हे पहिल्या पानावर लिहा.

'इंग्रजांना हरवण्यासाठी' हे उत्तर मी खोडलं. त्यांच्या मोठ्या जहाजांशी उघड्या समुद्रात तोंड देणं नागपूरकरांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग बंगालच्या चौथाईकडे वळलो. तहात वर्षाला १२ लाख रुपये ठरले होते. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि भोसल्यांवर ही चौथाई मागत बसायची पाळी आली. आता नकाशा पाहा. कलकत्त्याला जाणारी जहाजं हुगळीचे वाटाडे बालासोरच्या समोर घेत. ती जागा ज्याच्या नजरेखाली, त्याच्या हाती कलकत्त्याची कडी. माझ्या आरमाराचं काम ठरलं: लढाई शक्यतो टाळायची, वाटाड्यांवर आणि ओडिशाच्या मिठावर हात ठेवायचा आणि १२ लाख वसूल करायचे. हे ठरल्यावर जहाजांची संख्या, आकार, तोफा आपोआप जाग्यावर आल्या.

३. किनारा पाहिल्याशिवाय जहाज काढू नका.

मी ७४ तोफांची तीन जहाजं मोठ्या हौसेने काढली होती. मग चांदीपूरला गेलो. बालासोरजवळचा हा किनारा. ओहोटीला पाणी काही किलोमीटर मागे जातं. सकाळी लाटा होत्या तिथे दुपारी माणसं खेकडे वेचत होती. माझी जहाजं तिथे चिखलात कलंडून पडली असती. परतीच्या गाडीतच ती पानं फाडली.

पुन्हा आपल्या जुन्या जहाजांकडे आलो. रॉबर्ट ऑर्मने नोंदवलंय की दोन डोलकाठ्यांचा गुराब साधारण १५० टनांपर्यंतचा, तीन डोलकाठ्यांचा ३०० टनांच्या आसपासचा आणि गलबत ७० टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं वल्ह्यांवर चालतात आणि गुराबांनाही ओढून नेतात. उथळ पाण्याला हेच योग्य. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही जहाजं फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत असाच सल्ला आहे. शेवटी पाच गुराब आणि वीस गलबतं ठेवली. कागदावर थोडी दिसतात, पण तेवढ्यांच्या खलाशांचा पगार वेळेवर देणंही सोपं नाही.

४. लाकडापासून सुरुवात करा.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, पवनीच्या घाटावरच्या एका म्हाताऱ्या ढिवरकाकांनी शिकवलं. माझी योजना अशी होती: झाडीपट्टीतलं सागवान तोडायचं, वैनगंगेत सोडायचं, पुढे प्राणहिता, मग गोदावरी आणि कोरिंगाच्या बंदरात जहाज. काका डोंग्याच्या काठावर बसून जाळ्याची वीण दुरुस्त करत होते. मी नकाशा दाखवला. त्यांनी तो पाहिला नाही, मलाच विचारलं, "कोनतं लाकूड?" मी म्हणालो, सागवान. "ओलं सागोन गोट्यावानी बुडते, गुरजी. उभंच वारवा लागते." आणि दोन बोटांनी माझ्या मनगटाभोवती वळं काढून दाखवलं: बुंध्याची साल अशी गोल कापायची. झाड उभ्या उभ्या मरतं, दोन-तीन वर्षं वाळतं, मग तोडायचं, तेव्हा कुठे ते तरंगतं.

म्हणजे १७५६ मध्ये ठरवलेल्या जहाजाचं लाकूड १७५९ ला पाण्यात पडणार! माझं सगळं वेळापत्रक तीन वर्षं पुढे गेलं.

पुढची अडचण त्याहून मोठी होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीही हाच विचार केला होता. नागपूर-वऱ्हाडचा कापूस नदीनेच समुद्राला न्यावा म्हणून आर्थर कॉटन यांच्या आग्रहाने गोदावरीच्या वरच्या भागात कामं निघाली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, त्यातला एक प्राणहितेवर देवलमरीला. पुष्कळ पैसा ओतून १८७१ च्या सुमारास ते काम सोडून द्यावं लागलं. एवढ्या साम्राज्याला जे जमलं नाही, ते माझ्या जानोजींकडून कसं करून घेऊ? शिवाय गोदावरीचा खालचा भाग भोसल्यांचा नव्हताच.

मग महानदी घेतली. छत्तीसगडातून निघते, संबलपूरवरून कटकला जाते. सगळी वाट भोसल्यांच्या किंवा त्यांच्या मांडलिकांच्या मुलखातली. आरमार सुटलं, पण माझी वैनगंगा त्यातून वगळली गेली. जिच्या काठी लहानाचा मोठा झालो तिला आपल्याच हाताने नकाशावरून पुसताना दोन दिवस पेन उचलवेना. पण खरं तेच लिहायचं, नाहीतर हा खेळ मांडूच नये.

भंडाऱ्याचा वाटा मात्र राहिला. पवनी-मोहाडीच्या कोष्ट्यांनी शिडांचं जाड कापड विणलं. भंडाऱ्याच्या तांबटांनी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. समुद्रातला किडा लाकूड पोखरतो म्हणून १७८० च्या आसपास इंग्रजांनी आपल्या युद्धनौकांना असेच पत्रे लावायला घेतले होते. माझ्या वहीत तांबं बाहेरून विकत येतं आणि त्याचा खर्च प्रत्येक पानावर डोकं वर काढतो.

५. त्या समुद्राचं पंचांग वेगळं आहे.

कोकणचे तांडेल नारळी पौर्णिमेला समुद्र खुला करतात. बंगालच्या उपसागरात ते चालत नाही. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे दिवस. २९ ऑक्टोबर १९९९ चं वादळ ओडिशातली माणसं अजून विसरलेली नाहीत. ओडिशात कार्तिक पौर्णिमेला लहान होड्या पाण्यात सोडतात. पूर्वीचे दर्यावर्दी बाली-जावाला निघायचे, त्याची ती आठवण. माझ्या आरमाराचं वर्षही कार्तिक पौर्णिमेला सुरू होतं. आंग्र्यांकडून आलेल्या तांडेलांना हे पटायला माझ्या वहीत एक गुराब आणि त्यावरची सगळी माणसं गमवावी लागली.

६. माणसं कुणाची, याचं खरं उत्तर द्या.

या प्रकरणाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. सुरुवातीला माझ्या प्रत्येक जहाजावर मराठी नावं होती. पण तो किनारा ओडियांचा. बालासोरची वाळू कुठे सरकते हे तिथल्या कैवर्तांना ठाऊक, पुरीच्या लाटांतून होडी कशी काढायची हे नोलियांना. त्यांच्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या असतात. लाट आदळली की होडी लवते, फुटत नाही.

आणि ही माणसं मराठ्यांच्या चाकरीला का यावीत? १७४० च्या दशकात आपल्या स्वाऱ्यांनी बंगाल-ओडिशात काय केलं ते त्यांच्या बोलण्यात आजही आहे. 'बर्गी' हा शब्द तिथे लेकरांना झोपवताना भीती घालायला वापरला गेला. आम्ही शाळेत हे शिकवत नाही. शिकवायला हवं. माझ्या वहीत जानोजींचा कारभारी पहिल्या वर्षी सक्तीने खलाशी भरतो आणि अर्धे पळून जातात. दुसऱ्या वर्षापासून पगार दर महिन्याला रोख, वाटाडे ओडिया, आणि बालासोरच्या तळावरचा अंमलदारही ओडिया. कोकणातला सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, त्याच्या हाताखाली. काही वाचक मित्रांना हे आवडलं नाही. पण याखेरीज ते आरमार दोन वर्षंही तरंगलं नसतं.

७. जहाजं एकमेकांना खेटून नांगरू नका.

विजयदुर्गाला एका जहाजाला आग लागली आणि शेजारची सगळी पेटली. पेटलेलं ते पहिलं जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच जिंकून आणलेलं होतं. आरमाराची प्रत्येक छावणी वेगळ्या खाडीत ठेवा.

८. शब्द गोळा करा.

खोली मी फुटांत लिहायचो. काकांनी विचारलं, "फूट म्हनजे किती? छातीभर का पुरुषभर?" तेव्हापासून वहीत घोटाभर, कंबरभर, छातीभर, पुरुषभर अशाच खोल्या आहेत, कारण १७६० चा खलाशीही अशीच मोजत असणार. डोह कुठे, भोवरा कुठे, कुठल्या महिन्यात कुठला खडक उघडा पडतो, हे सांगणारी माणसं आता मोजकी उरली. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात काठची गावं गेली, माणसं पुनर्वसनाच्या वस्त्यांत पांगली. काकाही मागच्या वर्षी गेले. त्यांचं ऐकून मी दीडशे शब्द लिहून घेतले होते. वहीतली सगळ्यात मोलाची पानं तीच.

तुमच्या गावात डोंगा बांधणारं, जाळं विणणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर या उन्हाळ्यात वही घेऊन त्याच्याकडे जा. जहाजं नंतर काढा.