कोळशांतील गंधक

दौलताबाद स्टेशनांतून मनमाडचा लोहमार्ग जातो. तेथें आतां कोळशाचीं इंजिनें धावत नाहींत. परंतु वाफेच्या काळांत प्रवास केलेल्या आजोबांना विचारा, म्हणजे धुराबरोबर नाकाला झोंबणाऱ्या वासाची आठवण ते सांगतील. तो वास जळत्या गंधकाचा होय. कोळसा तापविला कीं गंधक उडून जातो व कोळसा शुद्ध होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

दगडी कोळशांत गंधक तीन रूपांनीं राहतो. पहिलें रूप लोहमाक्षिक, म्हणजे लोखंड व गंधक यांचें सोन्यासारखें चकाकणारें खनिज. दुसऱ्या रूपांत तो कोळशाच्या घटकांतच कार्बनाशीं जडलेला असतो. तिसरें रूप जिप्समसारख्या क्षारांचें. त्याचें प्रमाण बहुधा थोडें असतें. लोहमाक्षिक कोळशाच्या सुमारें चौपट जड असल्यामुळें, कोळसा फोडून पाण्यांत धुतला असतां त्याचे बरेच खडे तळीं बसतात. कार्बनाशीं जडलेला गंधक मात्र धुण्यानें जात नाहीं.

हवा लागूं न देतां कोळसा बंद भट्टींत तापविला, तर सुमारें ५०० अंशांपुढें लोहमाक्षिक आपला निम्मा गंधक सोडूं लागतें. उरलेला लोखंडाला धरून राहतो. सुटलेला गंधक हायड्रोजनाशीं मिळून कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु होतो. मागें उरलेल्या कोकमध्येंही गंधकाचा मोठा भाग असतोच. असा गंधक लोखंडांत शिरला, तर तें लाल तापवून ठोकतांना तडकतें. म्हणून पोलादाचे कारखानदार कमी गंधकाचा कोळसा निवडतात.

मुंबईंत १८६५ सालीं रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे लागले. असा वायु घरांत जाळावयाचा तर त्यांतील विषार आधीं काढणें अवश्य. वायूच्या कारखान्यांत यासाठीं तो प्रथम चुन्यावरून, व पुढें लोखंडाच्या ओलसर गंजावरून नेण्याची रीत पडली. गंज गंधक धरून काळा पडे. हवेंत पसरला म्हणजे गंधक सुटा होई, आणि गंज पुन्हा कामास येई.

उघड्या हवेंत कोळसा जाळला, तर गंधक प्राणवायूशीं मिळून धुरांतून बाहेर पडतो. ३२ भार गंधकापासून ६४ भार वायु होतो! तो छातीस अपाय करितो, व ओलाव्यांत त्याचें आम्ल बनतें. मुंबईंतील ट्रॉम्बे येथील वीजकेंद्रांत असा धूर समुद्राच्या पाण्यानें धुण्याची यंत्रणा बसविण्यांत आली. इतरत्र पुष्कळ ठिकाणीं चुनखडी कालविलेल्या पाण्यानें धूर धुतात, व गंधकाचें जिप्सम होऊन हातीं येतें.

आपल्या जुन्या वास्तूही चुन्यानेंच सांधलेल्या आहेत. कारखान्यांत जो चुना गंधक धरून आपलें रक्षण करितो, तोच भिंतींतील चुना धुरांतल्या गंधकानें जिप्सम होऊन झिजतो. धुराड्यांत न धरलेला गंधक कोणाच्या तरी भिंतीवर किंवा छातींत जाऊन बसतो.

सारांश, अग्नीनें गंधक नाहींसा होत नाहीं. तो केवळ रूप पालटतो. म्हणून धूर दिसेनासा झाला म्हणजे काम संपलें असें न मानतां, “गंधक गेला कोठें?” हा प्रश्न प्रत्येकानें विचारावा. शास्त्राचा अभ्यास अशाच प्रश्नापासून सुरू होतो.