नंबर वनवर गेलेला नापास अल्बम

होस्टेलवर गाण्यांवरून वाद पेटला की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : "अरे, खपलं किती ते बघ ना!" त्यापुढे कोणी बोलत नाही. पण खप नेमकं काय मोजतो? एक जुनं उदाहरण घेऊ.

डेव्हिड बोवी हा इंग्लंडचा रॉक गायक. सत्तरच्या दशकात वेश, आवाज, संगीत सगळं सतत बदलत राहिलेला. १९८३ मध्ये नाईल रॉजर्सबरोबर केलेला त्याचा 'लेट्स डान्स' जगभर तुफान चालला. पाठोपाठचा जगदौरा डिसेंबरमध्ये संपला आणि १९८४ च्या मे महिन्यात स्वारी कॅनडातल्या क्यूबेकमध्ये पुढच्या अल्बमसाठी स्टुडिओत हजर! हाताशी नवी गाणी मोजकीच. 'टुनाइट' सप्टेंबरमध्ये बाजारात आला तेव्हा नऊपैकी पाच गाणी जुनी होती. एकट्या बोवीने लिहिलेली नवी गाणी फक्त दोन.

निकाल? इंग्लंडमध्ये थेट पहिला नंबर, अमेरिकेत अकरावा. 'ब्लू जीन' गाणं हिट, त्यावरच्या लघुपटाला ग्रॅमी. समीक्षकांनी मात्र अल्बमला झोडपलं. पुढे खुद्द बोवीही त्या काळातल्या कामावर नाराज असायचा.

समीक्षक उगाच नाकं मुरडत होते का? स्वतः तपासून बघा. 'टुनाइट' हे गाणं बोवी आणि इगी पॉपने मिळून लिहिलेलं, इगीच्या १९७७ च्या 'लस्ट फॉर लाइफ'मधलं. आधी ते ऐका. सुरुवातीलाच ड्रग्जमुळे मरणाऱ्या मैत्रिणीचा प्रसंग आहे, म्हणून पुढचा दिलासा काळजाला भिडतो. मग बोवीने टीना टर्नरबरोबर गायलेलं ऐका. सुरुवातीचा प्रसंग गायब, खाली संथ रेगेचा ठेका. कानाला गोड, पण दिलासा कोणाला आणि कशासाठी, तेच कळत नाही.

तरी सगळंच टाकाऊ नव्हतं. 'लव्हिंग द एलियन' हे धर्मयुद्धांवरचं गाणं दमदार आहे, फक्त वाद्यांच्या गर्दीत दबलेलं. २००३ च्या दौऱ्यात बोवीने ते जवळजवळ नुसत्या गिटारवर गायलं, तेव्हा त्याचा खरा जोर दिसला.

मग अल्बम खपला कसा? कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना 'डिले' माहीत आहे : आज दिसणारं आउटपुट आधीच्या इनपुटचं असतं. लोकांनी 'टुनाइट' ऐकून विकत घेतला नाही. 'लेट्स डान्स' आवडला म्हणून घेतला. पहिल्या आठवड्यांतला खप बहुतेक वेळा मागच्या कामावरचा विश्वास मोजतो. तो विश्वास संपला की आकडे बोलतात. १९८७ चा 'नेव्हर लेट मी डाउन' अमेरिकेत चौतिसाव्या नंबरपर्यंतच पोचला. शेवटी १९८९ मध्ये बोवीने 'टिन मशीन' या चौघांच्या बँडमधला एक म्हणून नव्याने सुरुवात केली.

आपलंही असंच होतं, नाही का? एका सेमिस्टरला नाव झालं की पुढचं जर्नल सर न उघडताच सही करतात. मार्क पडतात, आपणही खूष. पण ते मार्क कुठल्या सेमिस्टरचे, हे फक्त आपल्याला माहीत असतं. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी मार्क छान पडले की जर्नल एकदा स्वतः उघडून वाचा.