चालते दगड

सुटीच्या दिवसांत तुम्हांपैकीं पुष्कळजण परग्रहवासी लोकांच्या अद्भुत कथा पडद्यावर पाहतात, आणि शाळा उघडली कीं त्यांचे पडसाद आम्हांस वर्गांत ऐकूं येतात. "वेरूळचें कैलास लेणें आकाशांतून आलेल्या लोकांनीं खोदलें, हें खरें काय?" असा प्रश्न आम्हांस एकाहून अधिक वेळां विचारण्यांत आला आहे. उलटपक्षीं, असल्या कथा मुलांनीं पाहाव्या कीं नाहीं, असें कांहीं पालकांनीं विचारलें आहे. या दोन्ही प्रश्नांचा विचार एका जुन्या कथेच्या आधारानें करावा, असें आम्ही योजिलें आहे.

ही कथा बीबीसी या ब्रिटिश संस्थेनें 'डॉक्टर हू' या आपल्या दूरचित्रवाणी-मालिकेंत २८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर १९७८ या काळांत चार भागांत दाखविली. नांव 'द स्टोन्स ऑफ ब्लड', म्हणजे रक्ताचे पाषाण. लेखक डेव्हिड फिशर. एका कल्पित ओसाड माळावर प्रचंड दगडांचें वर्तुळ उभें आहे. त्यास लोक 'नऊ प्रवासी' म्हणतात. कांहीं वेडगळ भक्त तेथें रात्रीं जमून एका प्राचीन देवीच्या नांवानें रक्त ओततात. अमेलिया रम्फर्ड नांवाची एक वृद्ध प्राध्यापिका त्याच ठिकाणीं शास्त्रीय पाहणी करीत आहे. काळांतून प्रवास करणारा डॉक्टर व त्याची सहकारिणी रोमाना तेथें येऊन पोहोंचतात. आणि मग उलगडत जातें कीं, त्यांतील कांहीं दगड हे दगडच नव्हेत, तर ताऊ सेटी ताऱ्याच्या एका ग्रहावरून आणलेले, सिलिकॉनाच्या देहाचे व रक्तावर जगणारे 'ओग्री' नांवाचे प्राणी आहेत. प्राध्यापिकेची सालस मैत्रीण व्हिव्हियन फे हीच ती 'देवी'; ती हजारों वर्षांपूर्वीं दुसऱ्या ग्रहावर खून व चोरी करून पळालेली गुन्हेगार स्त्री असते. गांवच्या जुन्या वाड्यांतील पूर्वींच्या मालकिणींच्या तसबिरी पाहाव्या, तों सर्वांत चेहरा एकच!

या कथेंतील दगडांचें चित्रण इंग्लंडांतील रोलराइट येथील खऱ्या पाषाणवर्तुळांत झालें. 'राजाचे शिपाई' या नांवानें ओळखलें जाणारें तें वर्तुळ सुमारें शंभर फूट रुंद असून अदमासें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें आहे. एका चेटकिणीनें राजाचे व त्याच्या सैन्याचे दगड केले, अशी तेथील दंतकथा. फिशर यांच्या कथेंत अखेरीस त्या मायाविनीचाच दगड होऊन ती वर्तुळांत उभी राहते. ही उलटापालट आम्हांस मोठी गमतीची वाटली. हे दगड कोणासही दोनदां सारखेच मोजतां येत नाहींत, असेंही तिकडचे लोक म्हणत. एका भटाऱ्यानें प्रत्येक दगडावर एकएक पाव ठेवून पाहिला, तरी हिशेब जुळेना, अशी गोष्ट आहे. सध्यां ते सत्याहत्तर मानितात.

आतां थोडें रसायनशास्त्र. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत सिलिकॉन हें कार्बनाच्या लगेच खालीं, त्याच रकान्यांत बसतें. कार्बनाप्रमाणें त्याचेही चार बंध होतात. यावरून सिलिकॉनाचे जीव असूं शकतील काय, ही कल्पना निघाली, आणि ती केवळ हास्यास्पद नाहीं. परंतु आपण श्वास सोडतों तेव्हां कार्बन डायऑक्साइड वायुरूपानें सहज बाहेर जातो. सिलिकॉनाचा ऑक्साइड म्हणजे गारगोटी, वाळू. बिचाऱ्या ओग्रीस प्रत्येक उच्छ्वासास वाळू टाकावी लागेल! शिवाय रक्तांतील ज्या ग्लोब्युलिनासाठीं ते माणसें मारतात, तें प्रथिन कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचें बनलेलें. दगडास त्याचा उपयोग काय? आणखी एक मौज अशी कीं, रोलराइटचे खरे दगड चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाचे आहेत. त्यांत कार्बन आहे!

इतिहासांतही कथाकारानें असेंच स्वातंत्र्य घेतलें आहे. त्या भक्तांस तेथें ड्रुइड म्हटलें आहे. ज्यूलियस सीझरानें ज्या ड्रुइड पुरोहितांचें वर्णन केलें, ते ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतले. वर्तुळ त्यांच्याहून दोन हजार वर्षांनीं जुनें. सतराव्या व अठराव्या शतकांत जॉन ऑब्री व विल्यम स्टकली या संशोधकांनीं ही सांगड घातली, आणि ती लोकांच्या मनांतून अद्याप सुटलेली नाहीं.

पालकांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, दोन प्रवासी तंबूंत बळी पडतात तो प्रसंग धाकट्या मुलांस दाखवूं नये. थोरांनीं कथा अवश्य पाहावी. तिच्या उत्तरार्धांत मेगारा नांवाचीं दोन न्यायदानाचीं यंत्रें येतात. डॉक्टराच्या हातून त्यांच्या दाराची मोहर नकळत तुटते, तेवढ्यासाठीं तीं त्यास मृत्युदंड सांगतात. कायद्याचें अक्षर पूर्ण, दया शून्य. ज्या मुलांनीं पवित्र शास्त्रांतील शास्त्री व परूशी यांच्याविषयीं वाचलें आहे, त्यांस हीं यंत्रें अनोळखी वाटूं नयेत.

कैलास लेण्याविषयींच्या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्ही हंसून देऊं इच्छीत नाहीं. फिशर यांनीं आपली कथा कथा म्हणूनच सांगितली. परंतु १९६८ सालीं एरिक फॉन डॅनिकेन यांच्या ग्रंथानें परग्रहवासी प्राचीन काळीं पृथ्वीवर येऊन गेले, हें खरेंच म्हणून मांडलें, आणि त्या मताचे प्रचारक वेरूळापर्यंत येऊन ठेपले. आठव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या राज्यांत पाथरवटांनीं डोंगर शिखराकडून पायथ्याकडे खोदीत नेला. त्यांच्या छिन्नीच्या खुणा भिंतींवर आजही दिसतात. ते श्रम आकाशस्थांच्या खातीं मांडणें म्हणजे कष्टकऱ्याची मजुरी बुडविणेंच होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दगडांचीं वर्तुळें पाहण्यास इंग्लंडास जावयास नको. नागपुराजवळ जुनापाणी येथें तीं शेंकडों आहेत. एकोणिसाव्या शतकांत रिव्हेट-कारनॅक नांवाच्या अधिकाऱ्यानें त्यांतील कांहीं उकरलीं, आणि दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांचें ब्रिटनमधील खळग्यांशीं असलेलें साम्य पाहून त्यास नवल वाटलें. हीं वर्तुळें मृतांचीं स्मारकें होत, लोहयुगांतील. जवळच्याच महुरझरी येथें उत्खननांत एका घोड्याचे अवशेष निघाले. त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता.