सोसायटीची कमिटी : मानाची खुर्ची की आपली पाळी?



आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे आज इमारतींत राहतात. वाडीत असताना विहीर कोणी उपसायची, पायवाट कोणी साफ करायची, हे न सांगता ठरत असे. सोसायटीत मात्र जिना, टाकी, गच्ची आणि लिफ्ट सर्वांची असते आणि म्हणूनच पुष्कळदा कोणाचीच नसते. जे अधिकाधिक लोकांच्या सामाईक मालकीचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने तेवीसशे वर्षांपूर्वी ओळखले होते. ही उणीव भरून काढण्यासाठी कमिटी असते. आज तिच्या कामाचा थोडा अभ्यास करू या.

१. कारभार कोणाचा?

सहकारी गृहनिर्माणाची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सोसायटी स्थापन झाली. अनेकांनी एकत्र येऊन आपल्या घरांचा कारभार आपणच पाहायचा, ही त्यामागची कल्पना. आज हा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि सोसायटीचे उपविधी यांनुसार चालतो. त्यात सर्वश्रेष्ठ आहे ती सर्वसाधारण सभा, म्हणजे आपण सारे सभासद. कमिटी पाच वर्षांसाठी निवडून येते आणि आपल्या वतीने काम पाहते. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तिने वार्षिक सभा घेऊन हिशेब मांडायचा असतो.

२. प्रत्यक्षात काय घडते?

सेक्रेटरी दिवसभर नोकरी करून लोकलने घरी येतो. जेवायला बसतो न बसतो तोच दारावर थाप पडते : पंप बंद आहे, वॉचमन आला नाही, वरच्या घरातून गळती होते. खजिनदार रविवारी पावत्या घेऊन बसतो. हे सारे बिनपगारी. वार्षिक सभेला मात्र गणपूर्ती होत नाही. अर्धा तास वाट पाहून आठ-दहा जणांत सभा उरकली जाते आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात उभे राहून तिच्या निर्णयांवर टीका सुरू होते.

याची दुसरी बाजूही आहे. काही पदाधिकारी वर्षानुवर्षे खुर्ची सोडत नाहीत, इतिवृत्त दाखवत नाहीत, हिशेब विचारला की रागावतात. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. तो सभासदाचा हक्क आहे आणि प्रामाणिक खजिनदाराचे संरक्षणही.

३. किंमत कोण मोजतो?

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते. त्यासाठी व पुढील दुरुस्तीसाठी पैसे लागतात. कमिटीने हा विषय काढला की, ‘मेंटेनन्स वाढवू नका’ म्हणून आपण हात वर करतो. पण स्लॅबच्या सळ्या आपल्या मतदानासाठी गंजायच्या थांबत नाहीत. आज वाचवलेले पैसे उद्या कोणाच्या तरी लेकराच्या जिवावर बेतू शकतात.

निवडणुकीला कोणीच उभे राहिले नाही, तर निबंधक बाहेरचा अधिकारी नेमू शकतात. त्याचा खर्च सोसायटीच्याच तिजोरीतून जातो आणि आपल्या घराचे निर्णय परक्याच्या हाती जातात.

४. मग उपाय काय?

चांगल्या नागरिकाला आज्ञा देणे आणि आज्ञा पाळणे, दोन्ही जमले पाहिजे, असेही ॲरिस्टॉटल सांगतो. वाडीत पाण्याची पाळी असते, तशीच कमिटीचीही पाळी समजू या. पाळी आली की टाळायची नाही. संपली की अडवून ठेवायची नाही. जो एकदा पाच वर्षे थकबाकीदारांच्या दारात उभा राहिला, तो पुढच्या कमिटीवर उगाच तोंडसुख घेणार नाही.

घरी बसून चर्चा करा :

• मागील वार्षिक सभेला आपल्या घरातून कोण गेले होते?
• आपल्या इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली?
• आपला मेंटेनन्स वेळेवर भरला जातो का?
• पुढच्या निवडणुकीत आपल्यापैकी कोण अर्ज भरेल?